पोस्टरवरचा नवरदेव

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, साक्षीचं दुकान. दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली, दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा कूलर आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या. वाढदिवसाचे बॅनर, क्लासच्या जाहिराती, पुढाऱ्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छा, सगळंच ती करायची. पण तिचं नाव झालं ते अहिराणी सिनेमांच्या पोस्टरांमुळे. खानदेशात विनोदी अहिराणी सिनेमे काढणारे लोक मोजकेच. त्यांचे सिनेमे बहुतेक मोबाइलवर चालायचे, एखादा नशीबवान धुळ्या-शिरपूरच्या टॉकीजला लागायचा. पण पोस्टर मात्र सगळ्यांना साक्षीच्याच हातचं हवं असायचं.

याचं अर्धं श्रेय तिच्या धाकट्या भावाला, प्रशीलला. प्रशील म्हणून त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. सगळा खानदेश त्याला ‘भुंग्या’ म्हणायचा. ढगळ पँट, गळ्यात लाल मफलर आणि दोन्ही बुबुळं नाकाकडे ओढून केलेलं तिरळं तोंड. प्रत्येक सिनेमात भुंग्या कोणाचा ना कोणाचा मार खायचा. सरपंचाचा, सासऱ्याचा, बायकोच्या भावांचा. मार खाऊन झाला की गालावर हात ठेवून म्हणायचा, “मी काय करू भो, मन्हं तोंडच आसं शे.” लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कापसाच्या शेतात लोक एकमेकांना हे वाक्य ऐकवायचे.

नवा सिनेमा आला की बहीण-भाऊ धुळ्याला जायचे आणि बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर दुपारभर बसायचे. समोरच्या भिंतीवर आदल्या दिवशी चिकटवलेलं पोस्टर. प्रशील तोंडाला रुमाल बांधून बसायचा, कोणी ओळखू नये म्हणून. कोण थांबतं, कोण नुसती मान वळवतं, कोण बघतच नाही, हे दोघं बघत राहायचे. बाजार करून आलेल्या बाया पोस्टरवर सासू दिसली तरच थांबायच्या. पोरं गाढव किंवा म्हैस शोधायची. मोटारसायकलवाला थांबायचा नाही, त्याला जाता जाता चेहरा ओळखू आला पाहिजे, म्हणून चेहरा मोठा हवा. निळा रंग उन्हात उडून जातो, पिवळ्या अक्षरावर धूळ बसली तरी अक्षर वाचता येतं. हे सगळं साक्षी तिथं बसून शिकली.

“ताई, पोस्टर कोणी वाचत नाही,” प्रशील म्हणायचा. “लोक त्यात आपलं माणूस शोधतात.”

त्याचा एक हट्ट होता. पोस्टरवर त्याला कोणी कितीही मारत असलं, तरी त्याचे डोळे समोर हवेत. “मारणारा माझ्याकडे बघू दे. मी बघणार पोस्टरसमोर उभा आहे त्याच्याकडे.” फोटो काढताना डोळे चुकले तर तो परत काढायला लावायचा. साक्षीला आधी ती त्याची हौस वाटली. पुढे तिनं टपरीवर बसून पाहिलं, की थांबलेला माणूस आधी भुंग्याच्या डोळ्यांकडे बघतो, आणि हसू तिथूनच सुरू होतं.

घरी मात्र या सगळ्याचं कौतुक नव्हतं. आईवडिलांचं घर भुसावळला, दोघं बहीण-भाऊ कामासाठी जळगावला राहायचे. वडील यादव रेल्वेत ट्रॅकमन होते. आयुष्यभर रुळांवरून चालले, निवृत्त झाले, क्वार्टर सोडून दोन खोल्यांच्या घरात आले. ताठ माणूस. दोन्ही मुलांना त्यांनी हट्टानं शिकवलं. प्रशीलनं स्पर्धा परीक्षा द्यावी, टेबलाच्या पलीकडे बसावं, ही त्यांची इच्छा. आई कलाबाई साक्री तालुक्यातली, तिच्या तोंडी अहिराणी. प्रशीलनं भुंग्याची बोली तिच्याकडूनच उचललेली. ती कौतुकानं हसायची, पण यादव घरात नसताना.

एकदा भुंग्याला सरपंच थोबाडीत मारतो आहे असं पोस्टर भुसावळला विहाराच्या समोरच्याच भिंतीवर कोणी चिकटवलं. यादव रविवारी वंदनेला गेले होते, ते पोस्टर बघून परत आले. जेवले नाहीत. संध्याकाळी दोन्ही मुलं घरी आली तेव्हा ते शांतपणे बोलले, आवाज न चढवता.

“आपल्या मागच्यांनी मार खाल्ला. तो थांबावा म्हणून बाबासाहेबांनी आयुष्य घातलं. आणि हा मार खाऊन लोकांना हसवतो. तू त्याची चित्रं छापतेस.”

 त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘निघतो’ एवढ्यावर आलं. प्रशील येताना केळी आणायचा, आईजवळ बसायचा, यादव पेपर तोंडासमोर धरून बसायचे.

मग अभिमननं ‘भुंग्यानं लगीन’, म्हणजे भुंग्याचं लग्न, हा सिनेमा काढायला घेतला. अभिमन धुळ्याचा, पूर्वी लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करायचा, पुढे सिनेमे काढायला लागला. भुंग्याचे बहुतेक सिनेमे त्याचेच. हा सिनेमा टॉकीजलाच लावायचा असं त्यानं ठरवलं होतं. लग्नाचे प्रसंग चित्रित करायला जळगावजवळच्या असोद्याला एका शेतकऱ्याचं मोठं अंगण मिळालं, पण मिळालं ते मे महिन्यात.

जळगावचा मे ज्यानं काढलाय त्यालाच कळतो. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. केळीच्या बागा पाण्यात उभ्या असूनही पानं करपतात. अशा उन्हात प्रशीलला नवरदेवाची मखमली शेरवानी, डोक्याला फेटा, त्यावर बाशिंग. प्रसंग असा, की वऱ्हाडी पळून जातात आणि भुंग्या एकटाच गाढवावर बसून अंगणात फिरत राहतो.

सकाळी त्यानं साक्षीला फोन केला. “ताई, पोस्टरला आजचाच फोटो घे. आईला माझं लगीन बघायचंय ना, तर होऊन जाऊ दे. आयतीच हळद, आयतंच बाशिंग.”

“पाणी पीत राहा,” साक्षी म्हणाली. “आणि सावलीत बस.”

“नवरदेव सावलीत बसला तर गाढवावर कोण बसणार?”

दुपारी तिला फोन आला, तो अभिमनचा. ती दवाखान्यात पोचली तेव्हा प्रशीलच्या अंगाखाली बर्फाच्या पिशव्या होत्या. शेरवानी कापून काढली होती, ती स्ट्रेचरच्या खाली पडली होती. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि हात आपोआप मागे आला, इतकं ते तापलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात आहे, आणायला उशीर झाला. संध्याकाळी प्रशील गेला. तो शुद्धीवर आलाच नाही.

भुसावळला पांढऱ्या कपड्यांत माणसं जमली. विहारातल्या लोकांनी सगळं सांभाळलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स साक्षीनंच केला, दुसऱ्या कोणाच्या हातात तिला तो द्यावासा वाटला नाही. कॉलेजात असताना भाड्याचा कोट घालून काढलेला प्रशीलचा एक फोटो होता, तो तिनं घेतला. कार्यक्रम झाल्यावर यादव त्या फ्लेक्ससमोर उभे राहिले.

“हा फोटो चांगला आहे,” ते म्हणाले. 

पावसाळा सरत आला तेव्हा अभिमन गोलाणी मार्केटात आला. खुर्चीत बसला, पण टेकून बसला नाही. त्यानं एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“सिनेमा पुरा होतोय, ताई,” तो म्हणाला. “थोडंच राहिलं होतं, ते इकडून तिकडून जोडलं. दिवाळीला धुळ्यात लावतोय. पोस्टर तुझ्याशिवाय कोणाकडे नेऊ? तुला नको वाटलं तर सांग. मी वाईट मानणार नाही.”

साक्षीनं पेनड्राइव्ह आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, “दुसऱ्यानं केलं तर तो त्याला विद्रूप करेल. मीच करते.”

“त्यातला एक फोटो मी वेगळा काढून ठेवलाय,” जाता जाता अभिमन म्हणाला. “भुंग्याचं तसं तोंड आजवर झालं नव्हतं. बघशील तर तुलाही पटेल.”

तिनं फोटो उघडले. असोद्याचं अंगण, मांडव, झूल घातलेलं गाढव आणि मखमली शेरवानीतला प्रशील. ती एकेक फोटो मोठा करून बघू लागली, दर वेळी बघायची तसा. कामच ते. खानदेशात उन्हाळ्यात काढलेल्या प्रत्येक फोटोत चेहऱ्यावर घाम असतो आणि डिझाइन करणाऱ्याचा अर्धा वेळ तो पुसण्यात जातो. सकाळच्या फोटोंत प्रशीलच्या कपाळावरून घाम ओघळत होता, कॉलर भिजली होती. नंतरच्या फोटोंत घाम नव्हता. चेहरा लाल आणि कोरडा, माळावरच्या दगडासारखा कोरडा.

मग अभिमननं वेगळा ठेवलेला फोटो आला. प्रशील गाढवावर, बाशिंग एका बाजूला कलंडलेलं, तोंड वाकडं, एक हात हवेत. डोळे पांढरे. कोणालाही हसू यावं असाच फोटो होता, आणि अनोळखी माणसाचा असता तर साक्षीनंही तोच निवडला असता.

तिनं जुन्या पोस्टरातला भुंग्या शेजारी उघडला. भुंग्याची बुबुळं नाकाकडे ओढलेली असायची आणि तरी त्याची नजर समोर असायची. या फोटोत बुबुळं वर गेली होती. नजर कुठेच नव्हती.

तिनं कॅमेरामन स्वप्नीलला फोन लावला. “गाढवावरचा, बाशिंग कलंडलेला फोटो. तो कधी काढलास?”

पलीकडे स्वप्नील गोंगाटातून बाजूला आला. मग म्हणाला, “ताई, त्याच्यानंतर तो पडला. आधी डोकं दुखतंय म्हणाला होता, आम्ही म्हटलं, एवढा एक शॉट करू आणि थांबू. आम्हाला वाटलं, तो करतोय. बठ्ठा हसनात, ताई, सगळेच. टाळ्या वाजवल्या आम्ही. पडल्यावरही काही वेळ आम्हाला वाटलं, की हे पण त्याचंच काहीतरी आहे.”

साक्षीनं फोन ठेवला, कॉम्प्युटर बंद केला, शटर ओढलं आणि जिन्यात बसून राहिली. खाली झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. कोणीतरी ओळखीचं ‘काय ताई’ म्हणून वर गेलं.

दुसऱ्या दिवशी अभिमनला बोलावून तिनं सगळं सांगितलं. तो भांडला नाही. त्याचे खांदे उतरले.

“मी तिथंच होतो,” तो म्हणाला. “सगळ्यात जोरात मीच हसलो. नंतर इतक्या वेळा फोटो बघितला, पण मनाला कधी तिकडं जाऊच दिलं नाही.” त्यानं रुमालानं तोंड पुसलं. “तो फोटो नको. सिनेमातूनही तो तुकडा काढतो.”

“आणि काळी पट्टी, फोटोला हार, ‘अखेरचा चित्रपट’, यातलं काहीही घालणार नाही,” साक्षी म्हणाली. “हळहळायला लोक पोस्टरसमोर थांबतील, पण हसायला आत येणार नाहीत. त्याला हे चाललं नसतं.”

अभिमननं मान हलवली.

रविवारी ती सकाळच्या पॅसेंजरनं भुसावळला गेली. जाताना जुनी सगळी पोस्टरं आणि असोद्याच्या सकाळच्या फोटोंच्या प्रिंट घेतल्या. एकटीनं निवड होत नव्हती, आईला विचारावं असं तिच्या मनात होतं. पुढच्या खोलीत तिनं सगळं फरशीवर पसरलं, तर आईच्या आधी यादवच चष्मा लावून खुर्चीतून उठले आणि खाली येऊन बसले. गुडघे धरत, सावकाश.

सरपंच थोबाडीत मारतो आहे ते पोस्टर त्यांच्या समोरच होतं. साक्षीनं ते घाईनं खाली सरकवायला हात घातला.

“राहू दे,” ते म्हणाले. “हे लोकांना का आवडतं, ते मला सांग. मला खरंच कळत नाही.”

तिला वाटलं, टोमणा आहे. पण ते वाट बघत होते. मग तिनं बोट ठेवत सांगायला सुरुवात केली.

“बाबा, हे बसस्टँडवर लागतं. समोर कोण असतं? कापूस वेचून परत निघालेल्या बाया, हमाल, कचेरीत साहेबाची वाट बघून कंटाळलेली माणसं. त्यातल्या प्रत्येकाला त्या दिवशी कोणी ना कोणी काही ना काही बोललेलं असतं. आता हा सरपंच बघा. तो कोणाकडे बघतो?”

“प्रशीलकडे.”

“आणि प्रशील?”

यादव वाकले. “आपल्याकडे.”

“मार खाताना तो सरपंचाकडे बघतच नाही. समोरच्याला डोळ्यांनी सांगतो, बघा आता गंमत. आणि सरपंचाचं धोतर बघा, मागून सुटत आलंय. मारण्याच्या नादात त्याला पत्ता नाही. थांबलेला माणूस आधी प्रशीलचे डोळे बघतो, मग ते धोतर बघतो, आणि मग हसतो. बाबा, लोक मार खाणाऱ्याला हसत नव्हते. धोतराची कल्पना त्याचीच होती. माझी नव्हती.”

यादवांनी ते पोस्टर उचलून उजेडाकडे धरलं. मग दुसरं उचललं, मग तिसरं. प्रत्येकावर ते आधी डोळे शोधत होते. विहारासमोर ते हेच पोस्टर बघून परत फिरले होते, आणि धोतर त्यांना दिसलंच नव्हतं.

“त्यानं मला हे सांगितलं का नाही?” ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात कलाबाई पीठ लागलेले हात घेऊन उभी होती. “तुम्ही कधी इचारं का?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

यादव पोस्टरं एकावर एक नीट रचून, कडा जुळवून ठेवत राहिले.

फोटो शेवटी त्यांनीच निवडला. सकाळचा, शूटिंग सुरू होण्याआधीचा. प्रशील आरशाशिवाय स्वतःच स्वतःच्या डोक्याला बाशिंग बांधतोय, ते वाकडं बसलंय, आणि कॅमेऱ्याकडे बघून तो हसतोय. त्यात भुंग्याही होता आणि प्रशीलही. साक्षीनं तो मोठा घेतला, लाल पार्श्वभूमीवर, वर पिवळी अक्षरं. मागे लहान आकारात पळणारे वऱ्हाडी, बाजाराच्या बायांसाठी फुगलेली सासू, पोरांसाठी गाढव. घाम मात्र तिनं पुसला नाही. कपाळावरचा प्रत्येक थेंब तसाच राहू दिला.

पहिली प्रिंट तिनं घरी नेली. कलाबाईनं ती दोन्ही हातांत धरली, भावाच्या घरी लग्नाला जाताना नेसायचं लुगडं धरावं तशी. “मन्हा पोऱ्या नवरदेव व्हयना, माय,” ती म्हणाली आणि पदर तोंडात धरून आत गेली.

दिवाळीला सिनेमा लागला. कलाबाई यायला तयार नव्हती. यादव मात्र सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. बापलेकी एसटीनं धुळ्याला गेले. पाचकंदील चौकाकडून रिक्षा वळली तशी भिंतीभिंतीवर साक्षीची पोस्टरं दिसू लागली. एका दुकानासमोर भारे उतरवून दोन बाया पोस्टर बघत उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, “हाऊ भुंग्या शे ना? देखना दिसी ऱ्हायना.” यादवांनी ऐकलं. रिक्षातून मान बाहेर काढून मागे बघत राहिले.

टॉकीजसमोर रिक्षा थांबली आणि साक्षी उतरता उतरता थांबली. फाटकावर, दोन खांबांना बांधलेला, तिनं न केलेला एक भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर गाढवावरचा तोच फोटो. पांढरे डोळे, वाकडं तोंड, गळ्यात कॉम्प्युटरवर चिकटवलेला झेंडूचा हार आणि खाली ‘हसवणाऱ्याला अखेरचा सलाम’. टॉकीजवाल्यानं गर्दीसाठी परस्पर लावलेला. शूटिंगच्या दिवशीच कोणीतरी तो फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून त्यानं घेतला. अभिमनला विचारण्याची गरज त्याला वाटली नव्हती. फ्लेक्सखाली कॉलेजची पोरं उभी होती. डोळे वर करून, तोंड वाकडं करून सेल्फी काढत होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. भुंग्या त्यांचा लाडका होता.

साक्षीनं या फोटोबद्दल घरी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ती वडिलांचा हात धरून म्हणाली, “बाबा, चला, आत बसू.”

यादव हलले नाहीत. ते फ्लेक्सकडे बघत होते, फरशीवर बसून पोस्टरं बघितली होती तसे.

“हा आपल्याकडे बघत नाही,” ते म्हणाले.

साक्षीनं त्यांचा हात ओढला.

“साक्षी, हा कुठंच बघत नाही.”

मग तिला सांगावं लागलं. टॉकीजच्या पायरीवर, तिकिटाच्या रांगेशेजारी, हळू आवाजात तिनं सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, तेही सांगितलं. यादव पायरीवर बसले. रुळांवर एखादा सहकारी गाडीखाली आला की ते असेच बसायचे, असं कलाबाई कधीतरी म्हणाली होती. गुडघ्यांवर दोन्ही हात, पाठ सरळ.

“परत जाऊ या का?” साक्षीनं विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “तिकीट काढ. त्याचं काम मी एकदाही बघितलेलं नाही.”

आत गर्दी होती. सिनेमा सुरू झाला आणि भुंग्या पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. पहिली थोबाडीत बसली, टॉकीज खदखदून हसलं. यादव पडद्याकडे थोडंच बघत होते. अंधारात मान वळवून ते माणसांकडे बघत होते. पुढच्या रांगेतला म्हातारा, मांडीवर पोर घेतलेली बाई, पाय समोर टाकून बसलेले मजूर. शेजारची एक बाई हसता हसता डोळे पुसून त्यांना म्हणाली, “मरी गया ना हाऊ बिचारा. लई हसाडे.”

“हो,” यादव म्हणाले. आपण कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाढवाचा प्रसंग अभिमननं खरोखरच काढून टाकला होता. लग्न मोडल्यावर एकदम भुंग्या घरी आलेलाच दिसला. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर साक्षीनं अभिमनला फोन केला. तो धावत आला, टॉकीजवाल्याशी भांडला आणि स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. पण त्याचा काही उपयोग नव्हता. सेल्फी निघाल्या होत्या, फोटो एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गेला होता. महिन्याभरात कोणीतरी त्याचं व्हॉट्सअॅपचं स्टिकर केलं. बाशिंग कलंडलेला भुंग्या, खाली ‘मन्हं तोंडच आसं शे’. कंटाळा आला, पोरगा नापास झाला, वीज गेली, की लोक ते एकमेकांना पाठवू लागले. साक्षीच्या गिऱ्हाइकांकडूनही यायचं. बॅनर कधी देणार, असा निरोप आणि त्याच्याखाली तिचा भाऊ. ती ‘उद्या देते’ म्हणून लिहायची.

यादव आता रोज विहारात जातात, येताना वाटेतल्या भिंतीवर लागलेल्या साक्षीच्या नवरदेवाच्या पोस्टरसमोर थांबतात. त्या पोस्टरचे कोपरे सुटले आहेत, लाल रंग विटला आहे. ओळखीचं कोणी भेटलं तर ‘हा माझा मुलगा’ असं स्वतःहून सांगतात. गाढवावरच्या फोटोचं कलाबाईला सांगायचं नाही, हे बापलेकीत न बोलता ठरलं आहे.

कलाबाईकडे प्रशीलचाच जुना फोन आहे. साक्रीच्या भाच्यानं तिला तो वापरायला शिकवला आणि तिच्या फोनमध्ये ते स्टिकरही घालून दिलं. तिला ते फार आवडतं. त्यात तिचा पोऱ्या नवरदेव आहे, आणि लहानपणी तिला हसवायला करायचा तसलं काहीतरी तोंड करतो आहे, असं तिला वाटतं. फोनवर लिहायला जमत नाही म्हणून सकाळी चहा झाला की ती तेच साक्षीला पाठवते. म्हणजे आई उठली, बरी आहे.

साक्षी दुकानाचं शटर वर करते, कूलर लावते, फोन उघडते. बाशिंग कलंडलेलं, डोळे पांढरे. ती त्याच्याकडे न बघता खाली अंगठा सरकवते आणि आईला लिहिते, मीपण बरी आहे, जेवण करून घे.